वावळ

(वावळा, पापडा, सं. चिरबिल्व, पूतिकरंज, हिं. चिलबिल, कंजू, पापरी, गु. चरेल, कणजो, क. तपसी). अल्मेसी कुलातील (वावळ कुलातील) हा मोठा पानझडी वृक्ष भारतात बहुतेक सर्व उष्ण प्रदेशांतील वनांत, तसेच श्रीलंका, नेपाळ, म्यानमार व इंडोचायना येथे आढळतो. याचे शास्त्रीय नाव होलोप्टेलिया इंटेग्रिफोलिया असे असून इंग्रजीत त्यास इंडियन एल्म किंवा जंगल कॉर्क ट्री म्हणतात. विल्यम रॉक्सबर्ग यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या सचित्र ग्रंथात याचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी याचा अंतर्भाव एल्मच्या अल्मस ह्या प्रजातीतच केला होता. पुढे १८४८ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्लँशाँ यांनी होलोप्टेलिया ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली. ‘होलोस’ म्हणजे अखंड व ‘प्टेलिया’ म्हणजे एल्म ह्या दोन ग्रीक शब्दांपासून ते नाव बनले आहे. जातिवाचक नावाचा अर्थही ‘अखंड पानांचा’ असाच आहे. ह्या प्रजातीत एकूण दोनच जाती असून दुसरी (हो. ग्रँडिस) उष्ण कटिबंधीय आफ्रिकेत आढळते.

देशी नावांबाबत थोडे सावध राहणे आवश्यक आहे. ‘पूतिकरंज’ म्हणजे दुर्गंधी करंज. चुरगळलेल्या पानांना व ताज्या सालीला येणाऱ्या उग्र वासामुळे हे नाव वावळास मिळाले. परंतु तेच नाव काही ग्रंथकारांनी खऱ्या करंजास व काहींनी सागरगोट्यास लावल्याने वैद्यांच्या व काष्ठौषधी विक्रेत्यांच्या व्यवहारात या तिन्ही वनस्पतींची गफलत होत आली आहे. ओळखण्यास मात्र हे झाड सोपे आहे. करंजाची पाने संयुक्त असतात व त्याला जाड, चपट्या शेंगा येतात. सागरगोटा ही काटेरी वेल आहे. वावळाची पाने साधी असून फळ कागदासारखे पातळ व पंखधारी असते. वावडिंग ह्या औषधी झुडपाशी वावळाचे नामसाम्य असले, तरी दोहोंचा काहीही संबंध नाही. ‘पापडा’ हे नाव फळांच्या पापडासारख्या रूपाला साजेसेच आहे. रायगड जिल्ह्याच्या सुधागड तालुक्यातील वावळोली ह्या गावाच्या नावाचे या वृक्षाच्या नावाशी असलेले साम्यही सहज लक्षात येण्याजोगे आहे.

वावळाची उंची सामान्यतः १५–२० मी. असते, अनुकूल जमिनीत ती याहून बरीच अधिक होते. खोड सरळ व डोलारा पसरट असतो. साल राखी करडी असून तरुण झाडावर ती गुळगुळीत असते. जुन्या खोडावर ती बुचासारखी होऊन तिचे खवले निघतात. पाने साधी, सोपपर्ण, एकाआड एक व दोन रांगांत मांडलेली, लंबगोल किंवा अंडाकृती, टोकदार, तळाशी गोलसर किंवा किंचित हृदयाकृती, ८–१३ सेंमी. लांब असून त्यांची किनार अखंड असते. रोपांची व तोडलेल्या बुंध्यावरील नव्या फुटव्यांची पाने मात्र दातेरी असतात. जाती ‘अखंडपर्णी’ म्हणून प्रसिद्ध असल्याने रोपवाटिकेत नवख्यास यामुळे चकवा बसतो व चांगली रोपे परकी समजून उपटली जाण्याचा संभव असतो.

हिवाळ्याच्या उत्तरार्धात पाने गळून पडतात व जानेवारी–फेब्रुवारीत निष्पर्ण फांद्यांवर, गळलेल्या पानांच्या वणांजवळ, लहान, हिरवट पिवळ्या किंवा तपकिरी फुलांचे झुबके येतात. फुले बहुयुतिक (पुं-पुष्पे व द्विलिंगी फुले एकाच झाडावर असणारी) असतात. पाकळ्या नसतात, किंजपुट चपटे व एका कप्प्याचे असून किंजले दोन असतात. फुलांना रंग नाही, आकर्षक सुगंध नाही. परागण वाऱ्यामार्फत होते व त्या वेळी झाडावर पाने नसणे हे वाऱ्याच्या दृष्टीने सोयीचेच असते. फळे सपक्ष, वाटोळी, सु. २.५ सेंमी. व्यासाची, मध्यभागी एक चपटे बी व भोवती जाळीदार पातळ पंख अशी असतात. कोवळ्या हिरव्या फळांचे घोस इतके दाट असतात, की निष्पर्ण झाडाला नवी पालवी फुटल्याचा भास दुरून होतो. खरी पालवी त्यानंतर येते. एप्रिल–मे महिन्यांत फळे वाळून गवती रंगाची होतात व वाऱ्याबरोबर दूरवर पसरतात. इतर सामान्य शारीरिक लक्षणे अल्मेसी कुलात वर्णिल्याप्रमाणे असतात.

जुन्या वर्गीकरणांत या कुलाचा समावेश अर्टिकेलीझ गणात केलेला आढळतो. अलीकडील वर्गीकरण मुख्यतः जनुकीय पुराव्यांवर आधारलेले असून त्यानुसार ते रोझेलीझ गणात येते आणि पूर्वी ह्याच कुलात गणलेल्या सेल्टिस व ट्रेमा (उदा., कोकणात आढळणारा खरगोल) ह्या प्रजाती आता भांगेच्या कुलात (कॅनाबिसी) घालण्यात आल्या आहेत. खरे एल्म (अल्मस) समशीतोष्ण प्रदेशांतील वृक्ष होत. भारतात ते हिमालयात आढळतात. तेथील अल्मस वॉलिचियाना या जातीचा पाला गुरांसाठी फार मोठ्या प्रमाणावर छाटला जात असल्याने ती संकटग्रस्त मानली जाते. यूरोप व उत्तर अमेरिका येथील एल्मांचा विसाव्या शतकात ‘डच एल्म रोग’ ह्या कवकजन्य रोगाने प्रचंड नाश केला. सालीतील भुंगेऱ्यांमार्फत तो पसरतो. १९६०–७० ह्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये शिरलेल्या त्याच्या तीव्र प्रकाराने तेथे अडीच कोटींहून अधिक झाडे मेली. तेथील एल्म शतकानुशतके मुळांवरील फुटव्यांपासून वाढविलेले असल्याने बहुतांशी एकाच वाणाचे होते व म्हणून ते एकदमच बळी पडले. ह्या रोगकारक कवकाची एक निकटची जाती १९९० नंतर हिमालयातही सापडली; परंतु तेथील एल्म तिच्यासह दीर्घकाळ टिकून राहिले आहेत. वावळाच्या लागवडीचा विचार करताना हा इतिहास उपयोगी पडतो. त्याचा निर्देश पुढे येईल.

महाराष्ट्रात वावळ कोकण, सह्याद्रीचे उतार, देश व विदर्भ ह्या सर्व भागांतील शुष्क व आर्द्र पानझडी वनांत तुरळकपणे आढळतो. सागासारखी त्याची सलग वने नसतात. ओढ्याकाठी, डोंगरपायथ्याशी, गावाच्या सीमेवर, पडक्या वास्तूंच्या आसपास त्याची एकेकटी झाडे दिसतात. रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या) रोहे व पेण तालुक्यांतील मिश्र वनांत साग, ऐन, किंजळ, कळंब, काटेसावर, पळस ह्या वृक्षांच्या संगतीत तो वाढतो. हा प्रदेश सु. ३,००० मिमी. पावसाचा असला, तरी ऑक्टोबर ते मे हे आठ महिने जवळजवळ कोरडेच असतात. अशा दुहेरी हवामानाला वावळ चांगलाच जुळवून घेतो.

रोह्याजवळ रोहे–कोलाड रस्त्यावरील धाटाव हे गाव महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या औद्योगिक क्षेत्रामुळे सर्वपरिचित आहे. १९७० नंतर येथे मुख्यतः रासायनिक कारखाने उभे राहिले. जवळून वाहणारी कुंडलिका नदी रेवदंड्यानजीक अरबी समुद्रास मिळते. मुळशीच्या जलाशयाचे पाणी भिरा येथील जलविद्युत् केंद्रातून (१९२७) या नदीत सोडले जात असल्याने कोकणातील इतर बहुतेक नद्यांप्रमाणे ती उन्हाळ्यात आटत नाही. परंतु औद्योगिक सांडपाण्यामुळे तिच्या प्रदूषणाचा प्रश्न अनेक वर्षे चर्चेत आहे. कारखान्यांना पर्यावरणविषयक परवानगी देताना जमिनीच्या ठराविक भागावर हरितपट्टा राखण्याची अट घातली जाते. अशा पट्ट्यांत झटपट वाढणाऱ्या परदेशी झाडांचा भरणा करण्याकडे कल असतो. सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ ही त्यांतील नित्याची नावे. देशी वृक्ष लावावेत असे म्हटले, की कोणते व कसे, हा प्रश्न येतो. वावळ हे त्याचे एक उत्तर आहे. मात्र ते सर्व ठिकाणी लागू पडणारे नाही.

लागवड : वावळ जमिनीच्या बाबतीत फारसा चोखंदळ नाही. निचऱ्याची, खोल, पोयट्याची जमीन त्यास सर्वांत मानवते; पण जांभ्या दगडाच्या माळावर व मुरमाड उतारावरही तो तग धरतो. पाणी साचून राहणारी भाताची खाचरे त्याला चालत नाहीत. त्यामुळे धाटाव-रोहे परिसरात त्याची जागा म्हणजे वरकस जमिनी, डोंगरउतार, उंच बांध आणि नदीच्या पुराच्या पातळीवरील काठ ही होय. खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत तो लावण्यात अर्थ नाही. तो प्रकाशप्रिय आहे, दाट सावलीत रोपे खुरटतात. अवर्षण त्यास चांगले सोसते; कडक धुके (हिमतुषार) मात्र सोसत नाही, पण कोकणात हा प्रश्न उद्‌भवत नाही.

बी गोळा करण्याची वेळ साधणे ही ह्या कामातील मुख्य गोष्ट आहे. फळे गवती रंगाची झाली, की वळवाच्या वाऱ्याआधीच लहान डहाळ्या छाटून किंवा झाडाखाली कापड अंथरून ती जमवितात. आठवडाभराचा उशीर झाला, तरी झाड रिकामे होते. जमविलेली फळे एक-दोन दिवस सावलीत वाळवितात. पंख चोळून काढले तर पेरणीस सोयीचे पडते, पण ते आवश्यक नाही. एक किग्रॅ. वजनात सर्वसाधारणपणे पंचवीस ते तीस हजार बिया बसतात. ताजे बी चांगले रुजते, परंतु त्याची उगवणशक्ती नेहमीच्या साठवणीत काही महिन्यांतच मंदावते. म्हणून त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस पेरणी करणे श्रेयस्कर. हवाबंद डब्यात व थंड जागी ठेवल्यास बी अधिक काळ टिकते.

वर उल्लेखिलेल्या एल्मांच्या नाशाचा संबंध येथे येतो. रोपवाटिकेसाठी बी सामान्यतः सोयीच्या एकाच झाडाखाली गोळा केले जाते. वावळाला फळे विपुल येत असल्याने एका झाडापासून हजारो रोपे सहज मिळतात व संपूर्ण हरितपट्टा एकाच मातृवृक्षाची संतती होऊन बसतो. हे टाळावे. निदान दहा-पंधरा, एकमेकांपासून दूर असलेल्या, निरोगी व सरळ खोडाच्या झाडांचे बी एकत्र करणे कष्टाचे असले, तरी त्यास पर्याय नाही. ते बी शक्यतो त्याच भागातील, म्हणजे रोहे-पेण-सुधागडच्या वनांतील झाडांचे असावे.

पेरणी गादीवाफ्यावर किंवा थेट पिशव्यांत करतात. बी हलके असल्याने ते उघडे राहिल्यास वाऱ्याने उडते व मुसळधार पावसात वाहून जाते. म्हणून त्यावर मातीचा पातळ थर देऊन वर भाताचे तूस किंवा पेंढा पसरतात. एक ते तीन आठवड्यांत बी उगवते. मग पेंढा दूर करतात. कोकणातील जुलैच्या पावसात वाफ्यावर छपर नसल्यास कोवळी रोपे झोडपली जाऊन कुजतात. भाताचा तरवा ज्या काळजीने राखतात, तितकीच काळजी येथे घ्यावी लागते. रोपे बोटभर झाली, की ती पिशव्यांत हलवितात. पुढील वर्षी जूनमध्ये ती लावणीयोग्य होतात. सागाप्रमाणे जड्या (मूळ व खोड छाटून तयार केलेले तुकडे) लावूनही वावळाची लागवड करता येते. डोंगरउतारावर पावसाच्या सुरुवातीस बी फोकणे हा स्वस्त उपाय असला, तरी गवताच्या स्पर्धेत थोडीच रोपे टिकतात.

लावणीसाठी मे महिन्यात ४५ सेंमी. घनाकृती खड्डे खणून ते माती व कुजलेल्या शेणखताने भरतात. जांभ्यात ते ६० सेंमी. घेणे बरे. रस्त्याच्या कडेस दोन झाडांतील अंतर ८–१० मी. ठेवतात, डोंगरउतारावरील मिश्र लागवडीत ४–५ मी. पुरते. पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावणी करतात. नंतरच्या दोन उन्हाळ्यांत आठ-दहा दिवसांनी पाणी दिल्यास रोपे निश्चितपणे जगतात. पाण्याची सोय नसेल, तर बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन घालतात.

रोहे तालुक्यासारख्या भागात लागवड फसते ती बहुधा पाण्याअभावी नव्हे, तर वणव्यामुळे व मोकाट गुरांमुळे. भाताची कापणी झाली, की गुरे सुटी सोडण्याची कोकणात रूढी आहे व त्यानंतर काही आठवड्यांतच वाळलेल्या गवताला वणवे लागू लागतात. पावसाळ्यात लावलेले व वर्तमानपत्रांत छापून आलेले पुष्कळसे वृक्षारोपण मार्चपर्यंत राख झालेले असते. यासाठी डिसेंबरपूर्वीच लागवडीभोवती काही मी. रुंदीचा पट्टा साफ करणे आणि पहिली तीन वर्षे काटेरी कूड राखणे हे रोपे लावण्याइतकेच महत्त्वाचे आहे. वावळाचे खोड तोडले किंवा होरपळले, तरी बुंध्यापासून जोमदार फुटवे येतात; त्यांतील एक-दोन सरळ ठेवून बाकीचे काढल्यास झाड पुन्हा उभे राहते. राब भाजण्यासाठी व सरपणासाठी वरकस जमिनीवरील झाडे वारंवार छाटली जातात, त्या छाटणीतूनही वावळ टिकून राहतो. मात्र सतत छाटलेल्या झाडास फळे येत नाहीत व आसपास नवी रोपे दिसत नाहीत. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, हिरडा, मोह, आंबा, फणस इ. वृक्ष येतात, वावळ त्यांत नाही. इमारती लाकूड म्हणूनही त्याला फारशी किंमत येत नसल्याने खाजगी जमिनीवर प्रथम तोडला जाणारा वृक्ष बहुधा हाच असतो.

परागांची अधिहृषता : वावळाचे पराग सूक्ष्म व कोरडे असून ते फार मोठ्या संख्येने हवेत पसरतात. संवेदनशील व्यक्तींस त्यांच्यामुळे शिंका, नाक वाहणे, डोळ्यांना खाज व दमा हे विकार होतात. भारतातील, विशेषतः दिल्ली, राजस्थान व उत्तरेकडील इतर भागांतील, परागजन्य अधिहृषतेच्या प्रमुख कारणांत वावळाची गणना होते. रस्त्याच्या दुतर्फा त्याच्या रांगा लावल्या जाणे हे तेथील त्रासाचे एक कारण आहे. हा त्रास फुलोऱ्याच्या दोन-तीन महिन्यांपुरताच असतो. ज्या परिसरातील हवेत कारखान्यांचे वायू व धूळ आधीच असते, तेथे श्वसनविकारांच्या रुग्णांवर ह्याचा अधिक भार पडू नये, हा विचार झाडाच्या देशीपणापेक्षा महत्त्वाचा मानला पाहिजे. शिवाय फेब्रुवारी–मार्चमध्ये, म्हणजे धूळ सर्वांत जास्त असताना, हे झाड निष्पर्ण असते. तेव्हा केवळ धूळ अडविण्यासाठी ते उपयोगी नाही. धाटावसारख्या ठिकाणी शाळा, रुग्णालये व कामगार वसाहती यांच्या लगत वावळाच्या रांगा लावू नयेत. तेथे करंज, बकुळ, जांभूळ असे सदाहरित अथवा अल्पकाळच निष्पर्ण राहणारे वृक्ष योग्य ठरतात. वस्तीपासून दूरच्या डोंगरउतारावर व नदीच्या उंच काठावर मिश्र लागवडीत शेकडा पाच-दहा झाडे वावळाची असणे इष्ट होय. निसर्गतः वनातही त्याचे प्रमाण विरळच असते. त्याची मुळे काठाची माती धरून ठेवतात. रासायनिक सांडपाण्यावर मात्र कोणतेही झाड हा उपाय नव्हे. त्याचे शुद्धीकरण कारखान्यातच व्हावे लागते.

लाकूड : वावळाचे लाकूड पिवळसर करडे, मध्यम कठीण व हलके ते मध्यम जड असते, त्यात मध्यकाष्ठ (नार) वेगळे दिसत नाही. ओल्या लाकडास कवकामुळे डाग पडतात व किडींचाही उपद्रव लवकर होतो. म्हणून झाड थंडीत पाडून लगेच कापतात व फळ्या हवेशीर रचून वाळवितात. इतकी काळजी घेतल्यास छपराखाली ते बरेच टिकते. उघड्यावर टिकत नाही. स्वस्त सामान, खोकी, बैलगाड्यांचे काही भाग, फण्या, ब्रशांच्या पाठी, काड्यापेट्या व कोरीव काम यांसाठी ते वापरतात. सरपण व कोळसा यांसाठीही ते चांगले असते. कुलाबा जिल्ह्याच्या डोंगरांत पूर्वी चालणाऱ्या कोळसाभट्ट्यांवर प्रामुख्याने कातकरी मजूर राबत असत व त्या भट्ट्यांत सागाव्यतिरिक्तचे मिश्र लाकूड मोठ्या प्रमाणावर जाई. अंतर्सालीपासून निघणाऱ्या धाग्यांचे ओबडधोबड दोर करतात.

इतर उपयोग : चरकसंहितेत चिरबिल्वाचा निर्देश लेखनीय (मेद खरवडून काढणाऱ्या) व भेदनीय (मलभेदक) अशा दोन्ही औषधिगणांत आला आहे. साल व पाने मूळव्याध, त्वचारोग, सूज व प्रमेह यांवर देण्याचा प्रघात आहे. केरळातील वैद्यकात चिरबिल्वाची साल, पुनर्नवा, चित्रक, हिरडा, पिंपळी, सुंठ व सैंधव यांचा काढा मूळव्याधीवर प्रसिद्ध आहे. संधिवातात सालीचा लेप देतात. सालीत फ्रीडेलीन व बीटा सिटोस्टेरॉल ही द्रव्ये आढळतात. बियांत तेल असते. पंख चोळून काढलेल्या ताज्या बिया चारोळीसारख्या रुचकर लागतात. खेड्यांतील मुले व गुराखी त्या आवडीने खातात. माकडेही कोवळ्या फळांवर ताव मारतात व त्यावरून इंग्रजीत ह्या झाडाला ‘मंकी बिस्किट ट्री’ असेही विनोदी नाव पडले आहे.